वाचक विचारतात : रेसच्या समालोचकाला नक्की काय यावं लागतं?

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला इंडियन डर्बी होते आणि मग आमच्याकडे रेसबद्दलची पत्रं येऊ लागतात. या खेपेच्या बऱ्याच पत्रांत घोड्यांपेक्षा भोंग्यावरून बोलणाऱ्या माणसाबद्दल जास्त कुतूहल दिसलं. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. काही पत्रं लांब होती, ती आटोपशीर केली आहेत.

मी दोन वर्षं कॉलेजच्या क्रिकेट सामन्यांचं समालोचन करतो. आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात. रेसचं समालोचन मला जमेल का?
— विद्यार्थी, पुणे

आवाज चांगला असला तर बरंच, पण गुणांच्या यादीत तो बराच खाली येतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात फलंदाजाची सरासरी, ढगांची स्थिती, समोशांचा वास, काहीही सांगून होतं. रेसमध्ये ही उसंत नसते.

साधा हिशेब मांडा. 1200 मीटरची रेस साधारण 70 सेकंदांत संपते. घाईनं पण स्पष्ट बोलायचं तर सेकंदाला तीन शब्द, म्हणजे सगळे मिळून 210. धावणारे घोडे बारा. एका घोड्याचं नाव, त्याची जागा आणि पुढच्यापासूनचं अंतर सांगायला दीड सेकंद लागतो, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एक फेरी मारायला 18 सेकंद गेले. अशा दोन फेऱ्या मारल्या की उरतात 34 सेकंद. त्यातले शेवटचे वीस सरळ धावेचे. ‘काय हा वेग, काय ही जिद्द’ कुठं बसवणार?

चांगल्या समालोचकाची आमची कसोटी अशी: डोळे मिटून ऐकणाऱ्याला आपला घोडा कुठं आहे हे रेस चालू असताना निदान दोनदा कळलं पाहिजे. आणि हा ऐकणारा फेव्हरिटवर पैसे लावणारा धरू नका. नवव्या नंबरवर रखडलेल्या घोड्याचं दहा रुपयांचं तिकीट ज्याच्या खिशात आहे, तो धरा. त्यालाही आपल्या घोड्याचं नाव ऐकायचं असतं.

तेव्हा तुम्हाला जमेल की नाही हे तुमच्या घशावर नाही, डोळ्यांवर ठरेल. आधी रंगांधळेपणाची चाचणी करून घ्या. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि अनेकांना ते मोठेपणीपर्यंत माहीतच नसतं. या कामात ही अडचण जवळजवळ मोडता घालणारीच आहे.

चौदा-चौदा घोड्यांची नावं दर अर्ध्या तासाला नव्यानं पाठ कशी होतात?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

पाठांतर म्हटलं की गैरसमज होतो. पाढे म्हणताना पुढचा आकडा आठवावा लागतो. इथं आठवायचं काही नसतं. रंग दिसला की नाव आपसूक तोंडात यावं लागतं, जसं ओळखीचा माणूस समोर आला की हाक निघते.

जॉकीच्या अंगावरचं जाकीट आणि टोपी मालकाच्या नोंदवलेल्या रंगांची असते. घोड्याशी किंवा जॉकीशी त्या रंगांचं कायमचं नातं नसतं. तोच जॉकी पुढच्या रेसमध्ये दुसऱ्या मालकाच्या रंगात येतो. म्हणजे डोक्यातली पाटी दर अर्ध्या तासानं पुसावी लागते, आणि नवशिक्यांची पहिली फजिती इथंच होते: मागच्या रेसमधला पिवळ्या जाकिटाचा घोडा या रेसमध्ये तोंडातून निसटतो.

आदल्या रात्रीची तयारी अशी करतात. प्रत्येक रेससाठी एक कोरा कागद. त्यावर प्रत्येक घोड्यासाठी जाकिटाची छोटी आकृती काढायची आणि रंगीत पेन्सिलीनं अंग, बाह्या, टोपी रंगवायची. स्केचपेन नको, पावसाचा एक थेंब पडला की सगळे रंग एकमेकांत मिसळतात. छापील आकृत्या मिळतात, पण स्वतःच्या हातानं रंगवलेलं जास्त टिकतं. हाताला लागलेले ते दोन मिनिट वाया जात नाहीत. आकृतीखाली नाव, नंबर आणि एक खूण. कागदावरचा क्रम ड्रॉप्रमाणे, म्हणजे गेटमध्ये घोड्यांना मिळालेल्या जागांप्रमाणे, ठेवला तर सोयीचं पडतं, कारण गेट उघडल्यावर घोडे त्याच क्रमानं शेजारी-शेजारी दिसतात.

मग घोटाळ्याच्या जोड्या शोधायच्या. एकाच मालकाचे दोन घोडे असतील तर जाकीट तेच, फक्त टोपी वेगळी. या जोडीवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. त्यानंतर गडद निळा आणि काळा, गुलाबी आणि फिका लाल, अशा लांबून सारख्या दिसणाऱ्या जोड्या. जिथं रंगांवर भरवसा नाही तिथं घोड्याची खूण कामी येते. नाकावर लोकरीची जाड पट्टी, डोळ्यांना झापडं, कपाळावरचा पांढरा पट्टा. बहुतेक घोडे कुमैत (गडद तपकिरी) किंवा तांबडे, त्यामुळे एखादा सब्जा (राखाडी-पांढरा) घोडा असला तर देवच पावला, तो मैलावरूनही ओळखू येतो. जुन्या अश्वपरीक्षेतले पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला), मुश्की (काळा) हे शब्द आज रेसच्या पुस्तकात सापडत नाहीत, पण डोळ्याला तीच सवय लागते.

नंबरवर का विसंबत नाहीत? खोगिराखालच्या कापडावरचा नंबर बाजूनं बघितलं तरच दिसतो, आणि तिथंही जॉकीचा पाय निम्मा झाकतो. वळणावरून घोडे समोर आले की नंबर जातो, टोपी राहते. म्हणून अनुभवी माणसं आधी टोपी बघतात, मग जाकीट.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधीच्या रिंगणात, घोडे गोल फिरतात तेव्हा कागद आणि खरा घोडा यांची गाठ घालायची. नंतर घोडे सुरुवातीच्या जागेकडे एकेकटे, सुटे-सुटे जातात. ती शेवटची परीक्षा: कागद उलटा ठेवायचा आणि प्रत्येकाचं नाव एका सेकंदाच्या आत घ्यायचं. दोनदा अडखळलात तर तेवढ्याच घोड्याची उजळणी करायची. सगळ्यांची नाही, नाहीतर येत असलेलेही विसरतील.

या तयारीचं मोल बघायचं तर 1967 ची ग्रँड नॅशनल बघावी. इंग्लंडमधल्या एंट्री (Aintree) या मैदानावर होणारी ही उड्यांची रेस. 44 घोडे. तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार गमावलेला एक मोकळा घोडा आडवा धावला आणि जवळजवळ सगळी रेस तिथं एकमेकांवर आदळून थांबली. खूप मागून येणारा फॉयनेव्हन नावाचा, शंभराला एक भावाचा घोडा त्या गर्दीतून वाट काढून एकटा पुढं निघाला. त्या टप्प्यावर बीबीसीसाठी बोलत होते आयरिश समालोचक मायकेल ओ'हेहिर, आणि त्यांनी तो घोडा नावानिशी लगेच सांगितला. रेसआधी जॉकींच्या खोलीत त्यांना अनोळखी रंगाचं एक जाकीट दिसलं होतं. मालकाला हिरवा रंग अशुभ वाटायचा म्हणून रंग ऐनवेळी बदलले होते. ओ'हेहिरनी त्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, थांबवून घोडा कुठला ते विचारून घेतलं. कुणी ढुंकूनही न बघणाऱ्या घोड्याबद्दल विचारलेला एक प्रश्न, पण नसता विचारला तर त्या गोंधळात पुढं कोण गेला हे सांगायला कुणी उरलं नसतं.

नाव उच्चारायला अवघड असलं तर?
— वाचक, डोंबिवली

मालकाला किंवा ट्रेनरला विचारायचं. आपल्याकडच्या रेसमध्ये संस्कृत, अरबी, फ्रेंच, इंग्रजी अशी सरमिसळ असते, आणि कित्येकदा मालकाचा उच्चार शब्दकोशाप्रमाणे नसतो. मालक म्हणेल तो खरा. एकदा धरलेला उच्चार रेसभर बदलायचा नाही. सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा उच्चार झाला तर ऐकणाऱ्याला दोन घोडे वाटतात.

दुर्बीण किती ताकदीची घ्यावी? दुकानदार म्हणतो जितकी मोठी तितकी चांगली.
— वाचक, नाशिक

दुकानदाराचं ऐकू नका. दुर्बिणीवर 7×50, 8×42, 10×50 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट जवळ दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पट वाढली की दिसणारा पट्टा अरुंद होतो आणि हाताची थरथरही तितक्याच पटीनं मोठी दिसते.

समजा घोडे समोरच्या बाजूला पाचशे मीटरवर आहेत. साधारण 10×50 मधून तुम्हाला तिथं 55 ते 60 मीटरचा पट्टा दिसतो, 8×42 मधून सत्तरच्या आसपास. एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी, अंदाजे 2.4 मीटर. पहिला आणि शेवटचा घोडा यांच्यात वीस लेंथ असतील तर तेच जवळजवळ पन्नास मीटर झाले. दहा पटीत ते कसेबसे मावतात आणि जरा पांगले की शेपूट चौकटीबाहेर जाते. आठ पटीत सगळे दिसतात आणि कडेला थोडी मोकळी जागाही राहते. म्हणून 8×42 किंवा 7×50. पुण्याच्या पावसाळी उजेडात 7×50 सरस पडते, तिच्यातून उजेड जास्त येतो. तीच जड असते, ही तिची खोड. दोन्ही कोपर कठड्यावर टेकवून बघायची सवय लावा.

घोडे शेवटच्या सरळ धावेत आले की दुर्बीण खाली ठेवायची. अनेक जण ठेवत नाहीत. मग बाहेरच्या बाजूनं सुसाट येणारा घोडा त्यांच्या चौकटीत येतच नाही आणि स्टँडमधले लोक ओरडायला लागल्यावर समालोचकाला कळतं.

पुण्याच्या मोसमात पाऊस असतो. चिखलात रंग दिसतात तरी कसे?
— वाचक, पिंपरी

पहिले चारशे मीटर दिसतात. नंतर मागच्या घोड्यांचे जॉकी पुढच्यांच्या टापांनी उडालेल्या चिखलानं माखतात. भिजलं की रेशमी कापड गडद होतं: गुलाबी लालसर दिसतो, हिरवा काळ्याकडे झुकतो, आणि पांढऱ्याचं काय होतं ते सांगायला नको. अशा दिवशी घोडे ज्या क्रमानं आहेत तो क्रम मनात धरून ठेवावा लागतो. कोण कुणाला ओलांडतोय एवढ्यावरच नजर ठेवायची, म्हणजे रंग हरवले तरी हिशेब हरवत नाही. टोपी वर असल्यानं ती जाकिटापेक्षा जरा उशिरा मळते. शिवाय लोकरीची पट्टी, झापडं, जॉकीची बसण्याची ढब. काही जॉकी इतके वाकून बसतात किंवा चाबूक इतका वेगळा धरतात की त्यावरूनच ओळखू येतात.

खिडकीची काच आतून धुकट होते, त्याची सोय आधी करा. काच उघडीच ठेवायची आणि माइकला स्पंजचं टोपण घालायचं, हे सगळ्यात सोपं.

रेस चालू असताना कुठल्या वेळी काय सांगायचं, याचा काही आराखडा असतो का? एखादा नमुना द्याल?
— आकाशवाणीवर हंगामी निवेदिका, कोल्हापूर

असतो. कागदावर कुणी लिहीत नाही, पण चांगल्या समालोचकाच्या बोलण्यात तो ऐकू येतो.

गेट उघडलं की दोनच गोष्टी: कोण झटक्यात सुटला आणि कोण अडखळला. सुटताना तीन लेंथ गमावलेल्या फेव्हरिटची बातमी पहिल्या पाच सेकंदांत गेली पाहिजे. मग पुढून मागं पहिली फेरी. घोडे रांगेत बसले की दुसरी फेरी, या वेळी अंतरांसकट. खालची नावं अर्थातच काल्पनिक, आणि रेल म्हणजे आतल्या कडेचा कठडा:

‘सहाशे बाकी. चांदबिजली पुढं, एक लेंथ. रेलला शिलेदार. बाहेरून वावटळ, शिलेदारच्या खांद्याशी. दोन लेंथ मोकळे. कोयनाकाठ चौथी, आतून पहाटवारा. मग सोनसाखळी, आणि सगळ्यात मागं मावळा.’

पंचवीस शब्दांत सात घोडे झाले. क्रियापद एकही नाही, आणि मराठीत ते चालतं. आपली भाषा इथं उपयोगी पडते. ‘रेलला’, ‘आतून’, ‘खांद्याशी’: इंग्रजीला जिथं तीन-चार शब्द लागतात तिथं आपलं एका प्रत्ययात भागतं. ‘दोन लेंथ मोकळे’ या तीन शब्दांकडेही बघा. घोळका कुठं तुटलाय हे त्यांनी सांगितलं. ते नसते तर कोयनाकाठ आघाडीला खेटून आहे असं वाटलं असतं.

हे बोलायला आठ सेकंद लागतात. घोडा सेकंदाला सोळा-सतरा मीटर जातो. म्हणजे तुम्ही ‘सहाशे बाकी’ म्हणून सुरू केलंत आणि ‘मावळा’ म्हणालात तेव्हा पावणेपाचशेच उरले. शेवटच्या घोड्याचं नाव घेताना नजर पुन्हा पहिल्यावर गेलेली असली पाहिजे. तोंड मागं, डोळा पुढं. हे साधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

शेवटचे दोनशे मीटर बारा सेकंदांचे. तिथं जिंकू शकतील अशा दोन, फार तर चार घोड्यांचीच नावं. रेषा ओलांडली की लगेच पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, कारण प्लेसवर, म्हणजे घोडा पहिल्या काहींत येण्यावर, पैसे लावणारे कान टवकारून असतात.

डर्बीसारखी 2400 मीटरची रेस अडीच मिनिटं चालते, त्यामुळे मध्ये बोलायला जागा मिळते. ती भरताना वेगाबद्दल बोला. अडीच मिनिटांत 2400 म्हणजे दर 200 मीटरला सरासरी साडेबारा सेकंद. हातात स्टॉपवॉच ठेवा. आघाडीचा घोडा मध्येच 200 मीटरला चौदा सेकंद घेऊ लागला तर त्याचा जॉकी रेस थोपवून धरतोय आणि मागच्यांना शेवटी पोचणं जड जाणार. असं एक वाक्य वेळेवर सांगितलं तर समालोचकाला रेस कळते हे ऐकणाऱ्याला पटतं.

आवाज चढवण्याबद्दल एकच. वेग आणि पट्टी हे दोन वेगळे खटके आहेत. आधी वेग वाढवा, पट्टी शेवटच्या तीनशे मीटरसाठी राखून ठेवा. हजार मीटर बाकी असतानाच वरच्या ‘सा’ला पोचलेला माणूस शेवटी नुसता किंचाळतो, आणि त्या किंचाळण्यात घोड्याचं नाव ऐकू येत नाही.

राहता राहिलं अलंकारिक बोलणं. अमेरिकेतल्या 1973 च्या बेलमाँट स्टेक्समध्ये सेक्रेटेरियट हा घोडा 31 लेंथनं जिंकला. तो अवाढव्य यंत्रासारखा चाललाय, ही समालोचक चिक अँडरसन यांची उपमा आजही लोकांच्या तोंडी आहे. पण त्या रेसमध्ये घोडे होते पाच, आणि निकाल केव्हाच लागला होता. उपमेला वेळ होता. बारा घोडे एका चादरीखाली झाकता येतील असे येत असताना उपमा सुचली तर ती गिळावी.

मोठमोठ्या समालोचकांच्याही चुका होतात का? झाल्यावर काय करतात?
— वाचक, ठाणे

होतात, आणि रेकॉर्डिंग असल्यानं त्या जन्माला पुरतात. तीन चुका शिकण्यासारख्या आहेत, कारण तिघांची कारणं वेगळी.

पहिली नजरेआड झाल्याची. 1947 ची प्रीकनेस स्टेक्स, अमेरिका. क्लेम मॅकार्थी हे तेव्हाचं रेडिओवरचं सगळ्यात मोठं नाव. वळणावर मध्ये उभ्या राहिलेल्या गर्दीनं घोडे काही क्षण त्यांना दिसेनासे झाले, आणि पुन्हा दिसले तेव्हा त्यांनी फॉल्टलेस या घोड्याला जेट पायलट हा दुसराच घोडा समजून शेवटपर्यंत नेलं. जिंकला फॉल्टलेस, देशभर ऐकू गेलं दुसरंच नाव. बाब कळताच त्यांनी तिथल्या तिथं चूक कबूल केली. शिकायचं ते हे: मध्ये काही आडवं आलं तर घोडे दुसऱ्या बाजूनं निघाल्यावर ओळख नव्यानं, टोपीपासून, करायची. आधीचा क्रम तसाच असेल असं धरायचं नाही.

दुसरी निकाल आधी सांगितल्याची. 1982, मेलबर्नच्या मूनी व्हॅलीवरची कॉक्स प्लेट. बिल कॉलिन्स इतके बिनचूक की त्यांना टोपणनावच ‘बिनचूक’ अशा अर्थाचं पडलेलं. त्या मैदानाची शेवटची सरळ धाव जेमतेम 173 मीटर. किंग्स्टन टाउन हा घोडा मागं अडकलेला बघून ते म्हणून गेले की हा काही जिंकू शकत नाही. काही सेकंदांत किंग्स्टन टाउननं सगळ्यांना गाठलं आणि सलग तिसरी कॉक्स प्लेट जिंकली. कॉलिन्सनी गडबड न करता तो येतोय, अजून जिंकेल, असं म्हणत त्याच घोड्याला रेषेपलीकडे नेलं. चुकीपेक्षा ती दुरुस्ती ऐकण्यासारखी आहे. ‘जिंकू शकत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘अजून आठ लेंथ मागं’ म्हणणं केव्हाही सुरक्षित. अंतर सांगा, भविष्य ऐकणारा स्वतः काढेल.

तिसरी चौकटीत न मावल्याची. 2022 ची केंटकी डर्बी, वीस घोडे. रिच स्ट्राइक हा घोडा, दुसरा एक बाद झाल्यामुळे, आदल्या दिवशी आत आलेला, भाव ऐंशीला एक. समोर दोन घोड्यांची जुंपली होती, सगळ्यांचे डोळे तिथंच, समालोचक लॅरी कोल्मस यांचेही. रिच स्ट्राइक आतल्या बाजूनं वाट काढत आला आणि त्याचं नाव अगदी शेवटच्या टप्प्यात पुकारलं गेलं. याला चूक म्हणणं थोडं कठोर होईल, कारण रेषेआधी नाव बरोबर आलं. म्हणून आदल्या दिवशी यादीत शिरलेल्या घोड्याची आकृतीही तितक्याच निगुतीनं रंगवायची असते.

आपल्याकडून चुकीचं नाव गेलं तर? पुढच्या उल्लेखात बरोबर नाव घ्यायचं, ‘शिलेदार नव्हे, वावटळ’ एवढंच. माफी रेसनंतर. रेसमध्ये माफी मागायला लागणारे तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर.

स्टँडमधून आम्हाला स्पष्ट दिसलं की आमचा घोडा पुढं होता. समालोचकही तेच म्हणाला. फोटोत मात्र दुसरा जिंकला. हे कसं?
— चार मित्र, मुंबई

तुम्ही आणि समालोचक दोघंही बहुधा विनिंग पोस्टच्या, म्हणजे शेवटच्या रेषेवरच्या खांबाच्या, अलीकडे बसला होतात.

कागदावर काढून बघा. रेषेच्या पाच मीटर अलीकडे तुम्ही बसला आहात. दोन घोडे रेषेवर अगदी बरोबरीत. एक तुमच्या बाजूला, 25 मीटरवर. दुसरा लांबच्या बाजूला, 35 मीटरवर. तुमच्या डोळ्यापासून जवळच्या घोड्याच्या नाकावरून रेघ ओढून पुढं वाढवा. लांबच्या घोड्याच्या पट्ट्यात ती विनिंग पोस्टच्या दोन मीटर पलीकडे पडते. म्हणजे लांबचा घोडा तुम्हाला बरोबरीत दिसायला खरोखर दोन मीटर पुढं असावा लागतो. बरोबरीत असताना जवळचा घोडा जवळजवळ लेंथभर पुढं दिसला, तो असा. रेषेच्या पलीकडे बसलात तर उलटं, लांबचा पुढं दिसतो.

म्हणून समालोचकानं पहिल्या दिवशीच आपली खोली रेषेच्या कुठल्या बाजूला आणि किती मीटरवर आहे ते मोजून घ्यायचं, आणि घोडे एकमेकांपासून लांब, एक रेलला आणि एक बाहेर, असे आले तर एकच शब्द उच्चारायचा: ‘फोटो’. पहिला कोण ते न्यायाधीश कॅमेऱ्यावरून सांगतात, आणि हरकत आली तर स्टुअर्ड (नियम पाळले का ते बघणारे अधिकारी) ती निकालात काढेपर्यंत पैसे मिळत नाहीत. तोवर तिकीट फाडायचं नाही, हेही भोंग्यावरून आवर्जून सांगावं. दर रविवारी कुणीतरी फाडतंच.

बैलगाडा शर्यतीत माइकवर बोलणाऱ्यांना हे सगळं लागू पडतं का? आमच्या गावात घाट आहे.
— वाचक, खेड तालुका

अर्धंच. तुमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा पळतो आणि घड्याळाशी लढतो. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-पंधरा सेकंदांत संपते. ओळखण्याचा प्रश्न नाही. तिथं गाडामालकाचं आणि गावाचं नाव बारी सुटण्याआधी पूर्ण घ्यायचं, पळताना गप्प बसायचं किंवा दोन शब्द, आणि मग सेकंद स्पष्ट सांगायचे. पॉइंटाच्या पुढचा आकडा गर्दीच्या ‘भिर्रर्र’मध्ये बुडतो, म्हणून तो दोनदा. सातारा-सांगलीकडे एका गटात अनेक जोड्या आपापल्या तासातून (आखलेल्या पट्ट्यातून) एकदम सुटतात. ते घोड्यांच्या रेसच्या जवळचं, तिथं वरचं जवळजवळ सगळं चालतं. रंगाच्या जागी तास क्रमांक आणि बैलांचा रंग धरायचा.

एक काम मात्र तुमच्या निवेदकाचं जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये घातलेली बंदी डिसेंबर 2021 मध्ये अटींवर उठली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. त्या अटी मैदानात पाळल्या जाताहेत का, बैलाला कुणी इजा करतंय का, लोक धावपट्टीत उतरलेत का, हे सगळ्यात आधी माइकवाल्याला दिसतं. अशा वेळी शर्यत राहू द्या बाजूला, आधी माणसं मागं घ्या.

घरी सराव कसा करायचा? रेसकोर्सवर कुणी माइक थोडाच देणार?
— वाचक, अहिल्यानगर

देणार नाहीत, आणि देशात रेसकोर्स मुळातच बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे पोटापाण्याचा दुसरा उद्योग हाताशी असू द्या.

सरावाला इंटरनेटवरची रेकॉर्डिंग पुरतात. आवाज बंद करून, पाच-सहा घोड्यांच्या 1200 मीटरच्या रेसपासून सुरू करा. रंग आधी कागदावर रंगवा, दहा मिनिटं बघा, मग फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करत एकदाच बोला. थांबवून पुन्हा नाही, खरी रेस थांबत नसते. नंतर ऐकताना तीन गोष्टींची बेरीज लिहा: किती घोड्यांची नावं दोनदा आली, किती चुकली, किती सेकंद नुसते विशेषणांत गेले. पहिल्या आठवड्यात तिसरा आकडा बघून स्वतःची लाज वाटेल, ते ठीक आहे. सहा घोड्यांच्या सलग दहा रेस एकही नाव न चुकता झाल्या की आठवर जा, मग बारावर.

टीव्हीच्या कॅमेऱ्यावर झालेला सराव मैदानावर पुरा पडत नाही, कारण कॅमेरा घोड्यांबरोबर जातो आणि तुम्ही एका जागी असता. म्हणून महिन्यातून एकदा रेसच्या दिवशी स्टँडच्या वरच्या पायऱ्यांवर, रेषेच्या जितकं जवळ जमेल तितकं, दुर्बीण आणि रंगवलेला कागद घेऊन उभं राहा आणि तोंडातल्या तोंडात बोला. शेजारचे बघतील. आपला घोडा कितवा चाललाय हे त्यांनी तुम्हालाच विचारलं, तर तेवढ्यापुरतं मोठ्यानं सांगा.